रानातली आमरी आणि फादर सांतापाव



नवापूर-अक्राणीच्या रानात जुन्या आंब्यावर किंवा मोहावर जाड मुळ्या पसरून बसलेले हिरवे झुडूप आपण पाहतो आणि बांडगूळ समजून ओरबाडून टाकतो. पुष्कळदा ती आमरी, म्हणजे ऑर्किड असते. बांडगूळ झाडाचा रस शोषते. आमरी झाडाचा फक्त आधार घेते. हवेतला ओलावा आणि पावसाचे पाणी तिला पुरते. महाराष्ट्रातील आमरींचा कसून अभ्यास करणारे एक धर्मगुरू होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांचा जन्म १९०३ साली स्पेनमध्ये झाला. येशूसंघाचे हे फादर १९४० पासून मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. भर पावसात खंडाळ्याचे डोंगर पालथे घालून त्यांनी तिथल्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला; तो १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या शेजारच्या डांगच्या जंगलातील वनस्पतींचीही त्यांनी नोंद केली. १९५४ मध्ये ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ झाले, पुढे संचालक झाले. सहकारी कपाडिया यांच्याबरोबर लिहिलेले मुंबई इलाख्यातील आमरींवरचे त्यांचे पुस्तक १९६६ साली निघाले. पाचगणीच्या नावाने ओळखली जाणारी दुर्मिळ, प्रदेशनिष्ठ हबेनारिया आमरी या दोघांनीच शास्त्राला प्रथम दाखवून दिली. १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९७० साली मुंबईत ते प्रभूघरी गेले.

आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते. त्यात अन्नसाठा नसतो, म्हणून विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. एक जुने झाड तोडले की त्यावरच्या आमरींचे घरच जाते. मोहफुले वेचण्यासाठी पाचोळा पेटवला की जमिनीवरची रोपेही होरपळतात. नवे झाड आपण लावू शकतो, पण त्यावर आमरी वसायला वर्षानुवर्षे लागतात.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले. फादर सांतापाव यांनी या घरातील लहानात लहान रहिवाशाचीही नोंद ठेवली. मग आपण काय करावे? वेदीच्या सजावटीसाठी रानातली आमरी आणू नये. अंगणातली झेंडू-शेवंती प्रभूला तितकीच प्रिय आहे. जुन्या झाडाला कुऱ्हाड लावण्यापूर्वी एकदा वर पाहावे. आणि मुलांना रानात नेऊन सांगावे, की हे बांडगूळ नव्हे, ही देवाची निर्मिती आहे.