बागलकोटचे ज्योतिर्गणिती : व्यंकटेश बापूजी केतकर

गणेशोत्सवाची तयारी सुरू झाली की आपण सर्वांत आधी कॅलेंडर उघडून भाद्रपद शुद्ध चतुर्थी कधी आहे ते पाहतो. ती तारीख तेथे कशी येते, हा प्रश्न मात्र सहसा पडत नाही. पंचांगातील आकडा आणि आकाशातील चंद्र-सूर्य यांचा मेळ बसावा म्हणून ज्यांनी उभे आयुष्य गणितात घालवले, ते व्यंकटेश बापूजी केतकर आपल्याच कर्नाटकातील मराठी गृहस्थ. उत्सवाच्या निमित्ताने त्यांची आणि थोडी आकाशाचीही ओळख करून घेऊ या.

केतकरांचा जन्म १८ जानेवारी १८५४ रोजी नरगुंद येथे झाला. नरगुंद हे भावे घराण्याचे मराठी संस्थान. व्यंकटेश चार वर्षांचे असताना, १८५८ साली, तेथील संस्थानिक बाबासाहेब भावे इंग्रजांविरुद्ध उठले आणि बेळगावला फासावर गेले. अशा धामधुमीच्या काळात हा मुलगा वाढला. वडील बापूशास्त्री ज्योतिषाचे जाणकार असल्यामुळे गणिताचे धडे घरातच मिळाले. पुढे केतकर सरकारी शिक्षण खात्यात शिक्षक झाले आणि बागलकोटच्या इंग्रजी शाळेत हेडमास्तर म्हणून त्यांनी काम केले. शाळेची नोकरी सांभाळूनच त्यांचे संशोधन चालू होते.

त्या काळी महाराष्ट्रातील व उत्तर कर्नाटकातील बहुतेक पंचांगे ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून तयार होत. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तो १५२० च्या सुमारास लिहिला होता. ग्रंथ सोपा आणि हुशारीने रचलेला, परंतु साडेतीनशे वर्षांत त्यातील लहान चुका साठत गेल्या होत्या. ग्रहणाच्या वेळा चुकत, ग्रह सांगितलेल्या जागी दिसत नसत. आम्हा रेल्वेवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर वेळापत्रक जुनेच राहिले आणि गाड्या वेगळ्या वेळी येऊ लागल्या. अशा वेळी गाडीला दोष देऊन चालत नाही, वेळापत्रक दुरुस्त करावे लागते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी ही दुरुस्ती आधीच हाती घेतली होती. केतकरांनी ती पुष्कळ पुढे नेली.

येथे तिथी म्हणजे काय ते पाहू. अमावास्येला चंद्र आणि सूर्य एका रेषेत येतात. त्यानंतर चंद्र सूर्याच्या पुढे जाऊ लागतो. तो १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते. अंतर ३६ ते ४८ अंश असते तोवर चतुर्थी. चंद्राचा वेग कमीजास्त होत असल्याने तिथी कधी सुमारे २० तासांत संपते, तर कधी जवळजवळ २७ तास चालते. जुन्या गणितात वेगातील हे सर्व चढउतार धरलेले नव्हते, त्यामुळे तिथी संपण्याच्या वेळेत कित्येक घटकांचा फरक पडे. एक घटका म्हणजे २४ मिनिटे.

केतकरांनी युरोपातील नवे ग्रहगणित अभ्यासले आणि ते आपल्या ज्योतिषांना वापरता येईल अशा रूपात संस्कृतमध्ये आणले. ‘ज्योतिर्गणितम्’ आणि ‘केतकी ग्रहगणितम्’ हे त्यांचे मुख्य ग्रंथ. पंचांगकर्त्याने जुनी पद्धत सोडावी, पण त्याला परके वाटू नये, हा त्यांचा हेतू होता.

खरा वाद झाला तो मोजणीच्या आरंभाचा. आपल्या शेजारच्या गवी गंगाधरेश्वर मंदिरात मकर संक्रांतीच्या संध्याकाळी सूर्यकिरण शिवलिंगावर पडतात, हे आपण जाणतोच. संक्रांतीला आपण उत्तरायण म्हणतो, पण सूर्य प्रत्यक्षात २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळतो. कारण संक्रांत ताऱ्यांवरून मोजली जाते आणि पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलत असल्याने दर ७२ वर्षांनी सुमारे एक अंशाचा फरक पडतो. साठलेल्या या फरकाला अयनांश म्हणतात. तो किती मानायचा, हे आरंभीचा तारा कोणता यावर ठरते. लोकमान्य टिळकांनी रेवती पक्ष उचलून धरला, तर केतकर चित्रा पक्षाचे होते. दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर आहे.

किलोमीटर मुंबईपासून मोजा की बेंगळूरुपासून, दोन स्टेशनांमधले अंतर तेवढेच राहते. तसेच तिथीचे आहे, या वादाने ती बदलत नाही. महिन्याचे नाव मात्र सूर्य कोणत्या राशीत शिरतो यावर ठरते, म्हणून अधिक मास वेगळा येऊ शकतो. त्यामुळेच २०२३ साली टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत गणपती ऑगस्टमध्ये बसले आणि इतरांकडे सप्टेंबरमध्ये! स्वातंत्र्यानंतर डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात चित्रा पक्षाला धरूनच अयनांश ठरवले. आज बहुतेक मराठी पंचांगे त्याच मार्गाने चालतात.

केतकरांची दृष्टी पंचांगापुरती नव्हती. गुरूच्या तीन चंद्रांच्या प्रदक्षिणाकाळांत ठरावीक प्रमाण आहे. तसेच नाते दूरच्या ग्रहांतही असावे, असे मानून १९११ साली त्यांनी फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे मांडले. त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. सूर्य-पृथ्वी अंतराच्या ३८.९५ पट दूर आणि २४२.२८ वर्षांची प्रदक्षिणा, हे ब्रह्माचे गणित. १९३० च्या फेब्रुवारीत अमेरिकेत क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर ३९.५ पट आणि काळ २४८ वर्षे! त्याच वर्षी ३ ऑगस्टला केतकर निवर्तले.

म्हणून प्लूटो केतकरांनीच शोधला, असे मात्र म्हणू नये. तो आकाशात कोठे दिसेल हे त्यांनी सांगितले नव्हते आणि विष्णू आजवर सापडलेला नाही. २००६ साली प्लूटोही बटुग्रह ठरला. आकड्यांच्या जुळण्यात योगायोगाचा भाग असू शकतो. आकाशाशी ताडून पाहिल्याशिवाय गणित खरे मानू नये, ही केतकरांचीच शिस्त. ती त्यांनाही लावली तर त्यांचा मोठेपणा कमी होत नाही.

चतुर्थीला चंद्र पाहायचा नाही ही आपली रूढी. तेव्हा पंचमीपासून रोज सूर्यास्तानंतर त्याच वेळी ब्यूगल रॉकवर मुलांना घेऊन जावे. हात लांब करून मूठ धरली की ती सुमारे दहा अंश भरते. ढग नसतील तर चंद्र रोज मुठीहून थोडा अधिक पूर्वेकडे सरकलेला दिसेल. घरी येऊन पंचांगातील तिथीशी ताडून पाहावे. बागलकोटच्या या हेडमास्तरांना याहून चांगली आदरांजली नाही.

गणपती बाप्पा मोरया!