पिशवीच्या तोंडाला घालतात तो टाका, आणि तो शोधणारे डॉ. शिरोडकर

परभणी : आपल्याकडं एखादी सून चौथ्या महिन्यात तपासणीला जाऊन आली की शेजारच्या बाया हळूच विचारतात, टाका घालायला सांगितला का? जिंतूर असो की सोनपेठ, हा टाका आता गावोगाव माहीत झालाय. पण तो मुंबईत बसलेल्या एका आपल्याच डॉक्टरनं शोधला आणि जगभरच्या डॉक्टरांच्या पुस्तकात त्यांचं नाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक. मलाही आमच्या वहिनीच्या दवाखान्याच्या कार्डावर ते नाव वाचलं तेव्हाच कळलं.

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. जन्म २७ एप्रिल १८९९, गोव्यातलं शिरोडा गाव. मिठाच्या सत्याग्रहाचं शिरोडं वेंगुर्ल्याकडचं, ते वेगळं. हे फोंडा तालुक्यातलं. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य. शाळा हुबळीला झाली, पुढं मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज. १९२३ ला एमबीबीएस, १९२७ ला एमडी, १९३१ ला इंग्लंडची एफआरसीएस. मुंबईला परतून पुढं ते त्याच कॉलेजात बाळंतपण आणि स्त्रीरोगाचे प्राध्यापक झाले.

त्यांच्याकडं एकाच तऱ्हेच्या बायका वरचेवर यायच्या. दिवस जायचे, पहिले तीन महिने काही तक्रार नाही, बाळ चांगलं वाढतंय, आणि चौथ्या ते सातव्या महिन्यात फारशा कळा न येताच सगळं पडून जायचं. एकदा नाही, चार-चार वेळा, कुणाचं त्याहून जास्त. अशा बाईला घरी काय ऐकावं लागतं ते मी सांगायला नको. पांढऱ्या पायाची, बाहेरचं लागलंय, पोराला दुसरी करून द्या. डॉक्टर लोकसुद्धा तेव्हा नुसतं पडून राहायला सांगायचे, इंजेक्शनं द्यायचे.

इथं पिशवीची रचना थोडी समजून घेऊ. गर्भपिशवी एरवी मुठीएवढी, वजन ६०-७० ग्रॅम. दिवस भरेपर्यंत तीच किलोच्या आसपास जाते. ती बहुतेक सगळी मांसाची, पण तिचं तोंड वेगळ्या मालाचं. लांबी तीन-चार सेंटीमीटर, त्यात मांस कमी आणि चिवट तंतू जास्त. या तोंडानं बाळाचं वजन पेलत नऊ महिने घट्ट मिटून राहायचं, आणि वेळ आली की मऊ पडून बाळ जाईल एवढं उघडायचं. काहींचं तोंड जन्मापासूनच ढिलं असतं, काहींचं आधीच्या बाळंतपणात फाटलेलं असतं. सोयाबीनचं पोतं चांगलं, माल चांगला, पण तोंड नीट शिवलं नाही तर उचलल्यावर सांडणारच. तसंच.

त्या काळी सोनोग्राफी नव्हती. शिरोडकरांनी अशा बायकांना दवाखान्यात ठेवून घेतलं आणि थोड्या थोड्या दिवसांनी हातानं तपासत राहिले. कळा नसताना तोंड आखूड होत, उघडत चाललंय हे त्यांच्या बोटांना कळलं. दोष बाळात नाही, बाईच्या नशिबातही नाही, तोंडाच्या आतल्या कडेला आहे, हे त्यांनी ओळखलं. मग बाईच्याच मांडीच्या बाजूचा चिवट पांढरा पडदा असतो, त्याची एक पट्टी कापून घेतली आणि पिशवीच्या तोंडाभोवती बटव्याच्या नाडीसारखी आवळून बसवली. पट्टी तिच्याच अंगातली, म्हणून शरीर ती परकी मानत नाही.

१९५५ मध्ये मद्रासच्या अँटिसेप्टिक नावाच्या मासिकात त्यांनी ही पद्धत छापली. पुढं परदेशातले डॉक्टर ती शिकले. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॅकडोनाल्ड यांनी सोपा टाका सांगितला, त्यात कापाकापी कमी. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी तोच घालतात. पण दोष तोंडात आहे आणि ते बांधता येतं, ही वाट शिरोडकरांची.

एक मात्र ध्यानात ठेवा. पहिल्या तीन महिन्यांत जे पडतं, त्यातलं पुष्कळसं गर्भाच्या मुळातल्याच बिघाडानं पडतं. तिथं टाक्याचा उपयोग नाही. १९९३ मध्ये बारा देशांतल्या १,२९२ बायकांवर केलेला अभ्यास छापून आला. त्यात टाक्यानं फायदा दिसला, पण वाटला होता त्यापेक्षा कमी. साधारण २५ जणींना टाका घातला तेव्हा एकीची फार लवकरची बाळंतपणं टळली. म्हणून सरसकट प्रत्येकीला टाका नको.

शिरोडकरांचं दुसरं काम आपल्या बायांच्या जास्तच जवळचं. अंग बाहेर येणं. बाळंत होऊन महिना झाला नाही तोच डोक्यावर पाण्याचे हंडे, वावरात खुरपं. मग अंग खाली येतं आणि बाई वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाही. तरुण बाईची पिशवी न काढता ती झोळीसारखी वर टांगून ठेवायचं ऑपरेशन त्यांनी बसवलं. तिला पुढं लेकरू व्हावं म्हणून. आणि इकडं २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा विषय विधिमंडळात गाजला. आपल्या गंगाखेड, पाथरीकडच्या टोळ्याही ऊसतोडीला जातात. पिशवी काढायला सांगितली तर आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, एवढं मी प्रत्येकाला सांगतो.

सरकारनं त्यांना १९६० मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण दिलं. त्याच वर्षी ७ मार्चला ते गेले.

आमच्या वहिनीचं तीनदा पाचव्या महिन्यात पडलं होतं. चौथ्या वेळी चौदाव्या आठवड्यात टाका घातला आणि सदतिसाव्याला काढला. डॉक्टरनं बजावून ठेवलं होतं की मधे कळा आल्या, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं तर रात्र असली तरी निघा, कारण टाका तसाच राहिला तर तोंड फाटतं. दादानं तीन महिने शेजाऱ्याची जीप सांगून ठेवली होती. तिची गरज पडली नाही. पोरगा आता नववीत आहे.