लोखंडे यांचा अर्ज

रविवारी वेरूळला जत्रेचे रूप येते. मंगळवारी लेणी बंद असतात, इतर दिवशी शाळांच्या सहली आणि परदेशी पाहुणे. रविवार मात्र कष्टकऱ्यांचा. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांना त्या दिवशी सुट्टी मिळते ते बायकापोरांना घेऊन, डबे बांधून येतात. दहाव्या लेण्यात मान वर करून छताकडे पाहतात. दगडात कोरलेले ते वासे इतके हुबेहूब लाकडी की लोकांनी या चैत्यगृहाला सुताराची झोपडी असे नाव देऊन टाकले. सुतार मंडळी तर आतल्या बुद्धमूर्तीला विश्वकर्मा समजून पुजत आली. बुद्धाचा विश्वकर्मा झाला याचा आमच्या लोकांना राग येतो आणि तो रास्त आहे. पण हातात हत्यार धरणाऱ्या माणसाला ही जागा आपली वाटली, हेही त्यात दिसते.

या रविवारच्या गर्दीत एक मोठाच गैरसमज फिरत असतो. इंग्रज ख्रिस्ती होते, त्यांचा प्रार्थनेचा दिवस रविवार, म्हणून आपल्याला सुट्टी आयती मिळाली, असे शिकलेली माणसेही सांगतात. इंग्रजी कचेऱ्यांपुरते ते खरे आहे. गिरणीच्या बाबतीत ते साफ खोटे आहे. गिरणी कामगाराचा रविवार सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी अर्ज करून, सह्या गोळा करून, सहा वर्षे पाठपुरावा करून मिळवला. चळवळीत लोखंडे यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, २००५ साली त्यांच्यावर टपाल तिकीटही निघाले. पण त्यांनी नेमके काय काम केले, हे विचारले तर उत्तर रविवारच्या सुट्टीपाशी थांबते. आम्ही कायद्याचे विद्यार्थी असल्यामुळे आम्हांला त्यांच्या कामाची पद्धत अधिक मोलाची वाटते.

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा. त्याच वर्षी जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. घराणे मूळचे खेड तालुक्यातील कन्हेरसरचे, जातीने फुलमाळी, घरची गरिबी. ठाण्यात शिक्षण झाले, मग रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी, आणि त्यानंतर मुंबईत मांडवीच्या कापड गिरणीत भांडारपाल. म्हणजे ते स्वतः मागावर उभे राहिलेले कामगार नव्हते. गिरणीच्या कोठारात बसणारा, हिशेब जाणणारा, इंग्रजी वाचणारा माणूस. त्या जागेवरून त्यांनी खात्यांतील हाल रोज पाहिले. कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे सत्यशोधकांचे पत्र पैशाअभावी अडले, तेव्हा १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईला आणले आणि अखेरपर्यंत चालवले.

त्या काळची गिरणी म्हणजे उजाडल्यापासून मावळेपर्यंतची. विजेचे दिवे नव्हते, म्हणून सूर्य हाच भोंगा. उन्हाळ्यात दिवस लांबला की पाळीही लांबायची. १८८१ चा पहिला कारखाना कायदा आला, त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली, सात ते बाराच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. सात वर्षांचे पोर नऊ तास राबवणे कायदेशीर ठरले, असाही त्याचा अर्थ होतो! मोठ्या माणसांविषयी, स्त्रियांविषयी तो कायदा मुका होता. कुठे गिरणी रविवारी बंद ठेवली तरी अर्धा दिवस यंत्रे पुसायला बोलावले जाई.

गिरणी मालकांची संघटना मात्र १८७५ पासून होती. तिच्याकडे कार्यालय होते, वर्गणी होती, समित्या होत्या, सरकारी मसुदा हाती आला की त्यावर मत कळवणारी माणसे होती. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी १८७८ मध्ये कारखाना कायद्याचा मसुदा पुढे आणला तेव्हापासून मालक सावध होते. कामगारांच्या बाजूने अशी एकही खुर्ची नव्हती.

१८८४ मध्ये मुंबई सरकारने कायद्यात दुरुस्ती हवी का, हे पाहण्यासाठी कमिशन नेमले. लोखंडे यांनी ही वेळ ओळखली. सप्टेंबर महिन्यात परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्यांचा अर्ज तयार केला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या-अंगठे घेऊन तो कमिशनपुढे ठेवला. बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन ती हीच. पाच मागण्या होत्या. आठवड्याला रविवारची पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन, कायमचा अधू झाला तर निर्वाहाची सोय.

वकिलाच्या नजरेने हा अर्ज वाचावा. त्यात शिवी नाही, रडणे नाही, सर्वसाधारण न्यायाची याचनाही नाही. प्रत्येक मागणी अशी की तिचे उद्या कलम व्हावे. आणि तशी ती झाली, फक्त कोणती कधी झाली ते पाहा. सुट्टी आणि अर्धा तास १८९१ च्या कायद्यात आले. अपघाताची भरपाई १९२३ च्या कायद्याने आली, लोखंडे यांच्या अर्जानंतर ३९ वर्षांनी. पगाराची तारीख १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने ठरली, म्हणजे ५२ वर्षांनी. प्रौढ पुरुषांच्या तासांना पहिली मर्यादा १९११ मध्ये, तीही कापड गिरण्यांपुरती आणि तीही बारा तासांची! मग १९२२ मध्ये आठवड्याचे ६० तास, १९३४ मध्ये ५४, आणि ४८ तास झाले ते १९४६ मध्ये, बाबासाहेबांच्या हाती मजूर खाते असताना आणलेल्या दुरुस्तीने. १८८४ च्या एका कागदाने पुढच्या साठ वर्षांच्या कायद्याची अनुक्रमणिका लिहून ठेवली होती.

१८८४ च्या कमिशनचा अहवाल आला, कायदा काही बदलला नाही. दुसरा कोणी असता तर तेथेच थकला असता. लोखंडे यांनी १८८९ मध्ये पुन्हा अर्ज केला, या वेळी थेट गव्हर्नर जनरलकडे. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १८९० मध्ये स्त्रीने, तीही गिरणीतल्या, भर सभेत बोलणे ही सावित्रीबाईंच्या परंपरेतील गोष्ट होती. या सभेचा अर्ज सरकारकडे न जाता मालकांच्या संघटनेकडे गेला, आणि १० जून १८९० रोजी संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी नव्या फॅक्टरी कमिशनच्या मुंबईतील कामात लोखंडे यांना कामगारांच्या बाजूने सदस्य म्हणून घेतले गेले. ज्या टेबलापुढे सहा वर्षांपूर्वी अर्ज घेऊन उभे राहिले, त्याच टेबलाच्या आतल्या बाजूला ते बसले. १८९१ च्या कायद्याने मुलांचे किमान वय नऊ केले, नऊ ते चौदाच्या मुलांना सात तास, स्त्रियांना अकरा तास अशी मर्यादा आली, आणि साप्ताहिक सुट्टी सर्वांना लागू झाली.

या सहा वर्षांत राष्ट्रीय म्हणवणारी पत्रे काय करत होती? ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांच्यासह बहुतेकांनी कारखाना कायद्याला विरोधच केला. त्यांचे म्हणणे असे की हा सगळा लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा डाव आहे, मुंबईचे स्वस्त सूत त्यांना सलते म्हणून ते इथल्या कामगाराचा पुळका आणतात. यात तथ्य होते, हे आम्ही नाकारत नाही. लँकेशायरचा दबाव खराच होता. पण मँचेस्टरच्या शेठजीचा हेतू वाईट म्हणून परळच्या बाईने सूर्यास्तानंतरही उभे राहावे, हे कोणत्या राष्ट्रवादात बसते? स्वदेशी मालकाने पिळले तर ते पिळणे देशसेवा ठरत नाही. लोखंडे यांनी मागणी कामगाराच्या तोंडून, कामगाराच्या अंगठ्यासह मांडली, त्यामुळे ती परक्यांची म्हणून झटकता आली नाही. आम्हांला त्यांचे सर्वांत मोठे काम हेच वाटते.

या असोसिएशनला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियमावली नव्हती. सरकारी अहवालातच तशी नोंद आहे, की लोखंडे हे येईल त्या कामगाराला विनामोबदला सल्ला देणारे गृहस्थ आहेत, ही काही बांधलेली संघटना नाही. पुढे डाव्या अभ्यासकांनी हीच नोंद पुढे करून तिला कामगार संघटना मानायचे नाकारले. नोंद खोटी नाही. पण ट्रेड युनियन कायदा आला १९२६ मध्ये. त्याच्या चाळीस वर्षे आधी नोंदणी कुठे करायची होती? एक उणीव मात्र आम्ही सांगितलीच पाहिजे. अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात, जेथे पगार जास्त, तेथे प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्णाला त्याचा विटाळ होई. लोखंडे यांच्या पाच मागण्यांत हा प्रश्न नाही. तो गिरणी संपाच्या ऐरणीवर आणण्यासाठी १९२८ आणि बाबासाहेब यावे लागले.

आता आजचे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाचे काम ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम, तिमाहीतील जादा काम मात्र ११५ वरून १४४ तास, आणि हे सारे कामगाराच्या लेखी संमतीने. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. कारखान्याच्या व्याख्येत वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० ऐवजी २० कामगार हवेत. कपात करताना सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेली. १२ ते १९ कामगारांच्या ज्या शेडमध्ये वेरूळच्या आसपासच्या गावांतली पोरे कंत्राटदारामार्फत उभी असतात, ती शेड कारखाना या शब्दाबाहेर गेली. लेखी संमतीविषयी तर १८९० चेच आठवते. कामगार स्वतःच जास्त तास राबायला राजी आहेत, हा गिरणी मालकांचा त्या वेळचाही युक्तिवाद होता. कंत्राटावरच्या पोराने संमतीच्या कागदावर सही नाही म्हटले तर दुसऱ्या दिवशी त्याला फाटकात कोण घेतो, हे आमच्याकडे थकलेला पगार मागायला येणाऱ्या कामगारांना विचारावे.

कायदा सभागृहात होतो, पण तो चालतो नियमांवर. नियमांचा मसुदा राजपत्रात येतो, हरकती आणि सूचनांसाठी ३० किंवा ४५ दिवस मिळतात. त्या मुदतीत उद्योजकांच्या संघटनांची निवेदने कलमवार, तक्त्यांसह जातात. त्यांच्या समित्यांवर काम करणारे उद्योजकही पदरचा वेळ घालतात, सगळेच पगारी नसतात. हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. आमच्या बाजूने काय जाते? मुदत संपल्यावर मोर्चा. जिल्हाधिकाऱ्याला दिलेल्या निवेदनाचा फोटो. मोर्चा हवाच, ७ नोव्हेंबर १९३८ चा संप बाबासाहेबांनीच केला. पण त्याआधी औद्योगिक तंट्याच्या त्या विधेयकाशी ते विधिमंडळात कलमाकलमाने भांडले होते. जिल्ह्यात भीमजयंतीची समिती नसलेली वस्ती नाही. या समित्यांतील दोन वकील, चार कामगार आणि एक टायपिंग येणारा मुलगा महिन्यातून एक संध्याकाळ बसले, तर पुढच्या मसुद्याला तासांच्या नोंदी, पगाराच्या तारखा आणि अपघातांची यादी जोडून हरकत जाऊ शकते. त्याला निधी लागत नाही. लोखंडे यांच्याकडेही नव्हता.

लोखंडे यांना सरकारने १८९५ मध्ये रावबहादूर केले. दुसऱ्या वर्षी मुंबईत प्लेग आला, श्रीमंतांनी शहर सोडले, गिरण्या ओस पडू लागल्या. लोखंडे शहरातच राहिले, रुग्णालय उभारण्याच्या कामात पडले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. महिन्याभरातच, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाईही त्याच साथीत गेल्या. यादी नसलेली, निधी नसलेली असोसिएशन लोखंडे यांच्याबरोबर संपली. नंतरची कामगार हितवर्धक सभा उभी राहायला १९०९ च्या आसपासचा काळ यावा लागला. तिच्या संस्थापकांत सीताराम केशव बोले होते, ज्यांच्या १९२३ च्या ठरावाने मुंबई इलाख्यातील सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले आणि ज्याच्या आधारावर महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले. निजामाच्या राज्याला तो ठराव लागू नव्हता. म्हणून १९३४ मध्ये वेरूळची लेणी पाहायला निघालेल्या बाबासाहेबांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वाटेत दौलताबादच्या हौदावर हातपाय धुतल्याबद्दल शिव्या खाव्या लागल्या.