संत कामिल्लुस : देवास चुकवू पाहणारा शिपाई

आमच्या धर्मग्रामाच्या या ज्युबिली पुस्तिकेत कोणा संताचे चरित्र द्यावे, असा विचार करिता रुग्णांचा आश्रयदाता संत कामिल्लुस याचे नाव आमच्या मनात प्रथम आले. त्याच्या रुग्णसेवेची कीर्ति पुष्कळांच्या कानी आहे. परंतु तो कित्येक वर्षे देवापासून तोंड लपवीत फिरत होता, ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक असेल. पाप केल्यावर एदेन बागेत झाडांआड दडलेला आदाम हाच त्याचा खरा पूर्वज होय. आणि पापनिवेदन ऐकण्यात आमची जी वर्षे गेली त्यांवरून सांगतो की, आदामाचे हे वंशज आमच्या देवळाच्या मागच्या बाकांवरही काही कमी नाहीत.

कामिल्लुस दे लेलिस हा २५ मे १५५० रोजी इटलीतील बुक्कियानिको या गावी जन्मला. आई उतारवयाची, बाप पेशाने शिपाई. मुलगा पोटात असता आईने स्वप्न पाहिले की, छातीवर क्रूस असलेले एक मूल तशाच क्रूसधारी मुलांच्या टोळीपुढे चालले आहे. बिचारीस वाटले, हा दरोडेखोरांचा नायक निपजणार! पोरगा लहान असताच ती वारली. तो वाढला धिप्पाड, साडेसहा फूट उंच. स्वभावाने तापट, आणि बापाप्रमाणेच जुगाराचा व्यसनी.

बाप वारल्यावर, पायास एक जखम झालेली अशा स्थितीत, त्याने रस्त्याने जाणारे दोन फ्रान्सिस्कन मठबंधू पाहिले. त्यांची शांत मुद्रा पाहून त्याचे मन द्रवले व आपणही त्या संघात जाऊ असा त्याने नवस केला. मठात त्याचा एक नातलग होता. परंतु त्याने त्यास घेतले नाही. मग नवस तसाच राहिला. पायाच्या उपचारार्थ तो १५७१ मध्ये रोम येथील संत याकोबाच्या असाध्य रोग्यांच्या इस्पितळात गेला व तेथेच नोकर राहिला. पण पत्ते व भांडणे यांपायी त्यास तेथून काढून टाकण्यात आले. पुन्हा शिपाईगिरी, पुन्हा फासे. १५७४ मध्ये नेपल्स शहरी त्याने जुगारात तलवारीपासून अंगातल्या सदऱ्यापर्यंत सर्व घालविले.

त्या वर्षाच्या अखेरीस मानफ्रेदोनिया गावी देवळाच्या दारात तो हात पसरून उभा होता. एका सद्‌गृहस्थाने त्यास पाहून कामावर येण्यास सांगितले. कापुचिन बंधूंचा मठ बांधला जात होता, तेथे गाढवांवरून दगड व पाणी वाहण्याचे ते काम. कापुचिन म्हणजे फ्रान्सिस्कन कुळातलेच! ज्या नवसापासून पळत होता त्याच्याच दाराशी त्यास बोलावणे आले. तो सोबत्यासह पुढच्या गावाकडे चालता झाला. पण वाटेतच थबकला आणि एकटा माघारी वळला. मठात राहूनही तो दबूनच असे. देवाच्या घरात दगड वाहायचे, पण घरधन्याच्या नजरेस नजर द्यायची नाही, असे त्याचे चालले होते.

१ फेब्रुवारी १५७५ रोजी त्यास काही जिन्नस देऊन सान जोव्हान्नी रोतोंदो येथील मठात पाठविले. तेथील मठाधिपतींनी या दांडग्या हमालास एका बाजूस नेले. दोष काढले नाहीत, नवसाचा जाबही विचारला नाही. देव हेच सर्वस्व आहे, बाकी सर्व पोकळ आहे, एवढेच प्रेमाने समजाविले. दुसरे दिवशी, म्हणजे बाळ येशूच्या मंदिरातील समर्पणाच्या सणादिवशी, द्राक्षारसाचे बुधले लादलेल्या जनावरावरून परतत असता ते शब्द त्याच्या अंतःकरणात उतरले. तो खाली उतरून खडकाळ वाटेवर गुडघे टेकून ढसढसा रडला. लपायला तेथे एक झाडही नव्हते, असे आम्हांस नेहमी वाटते.

पुढे कापुचिन संघात तो दोनदा गेला व दोन्ही वेळा पायाची जखम उलटून त्यास बाहेर पडावे लागले. देवाने आपणास झिडकारले, असे म्हणून दुसरा कोणी पुन्हा दडून बसला असता. हा मात्र ज्या इस्पितळातून हाकलला गेला होता तेथेच परतला, आणि त्या घराने त्यास घेतले. इतकेच नव्हे, कालांतराने कारभारीही केले. तेथे गरमीसारख्या रोगाने सडलेले, घरच्यांनी लाजेने टाकलेले लोक येत. भाडोत्री नोकर त्यांची हेळसांड करीत. लाजेने तोंड फिरविणारा माणूस कसा दिसतो, हे कामिल्लुसास कोणी शिकवावे लागले नाही. संत फिलिप नेरी त्याचा आत्मिक गुरू होता. तिशी उलटल्यावर पोरांच्या वर्गात बसून तो लॅटिन शिकला व १५८४ मध्ये धर्मगुरू झाला. १५८६ मध्ये पोप सिक्स्तुस पाचवे यांनी त्याच्या मंडळीस मान्यता दिली आणि वस्त्रावर तांबडा क्रूस धारण करण्याची परवानगीही दिली. आईचे स्वप्न असे उलगडले; टोळी होती खरी, पण ती प्लेगच्या घरांत शिरणारी.

१४ जुलै १६१४ रोजी रोममध्ये तो मरण पावला. १७४६ मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी त्यास संतपद दिले. पायाची ती जखम अखेरपर्यंत बरी झाली नाही. ती ओढत तो रात्री खाटेखाटेशी जाई, रोग्याच्या ठायी प्रभु येशूच आहे असे मानून त्यापुढे गुडघे टेकी, आणि त्या मरणोन्मुख माणसापाशी आपल्या पापांची क्षमा मागे.