ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल, १८९२ – ३१ ऑगस्ट, १९७३) या शिक्षणतज्ज्ञ, संपादक व बालसाहित्यकार होत्या. शाळेत जाण्यापूर्वीच्या वयातील मुलांच्या शिक्षणाचा भारतात पाया घालणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. वसई-विरारच्या उत्तरेस, आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात बोर्डी व कोसबाड येथे त्यांनी ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी बालवाड्यांचा प्रयोग केला. प्रत्येक बालकाला स्वतंत्र व्यक्तिमत्त्व असते, हे त्यांच्या कार्याचे मुख्य सूत्र होते.

सुरुवातीचे जीवन

ताराबाईंचा जन्म मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. आईचे नाव उमाबाई. सुधारकी विचारांच्या या घरात मुलींच्या शिक्षणाला प्रोत्साहन होते. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मात्र १९२१ मध्ये त्या पतीपासून विभक्त झाल्या. त्यानंतर त्यांनी राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयात प्राचार्य म्हणून काम केले.

भावनगर येथील कार्य

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. १९२३ साली ताराबाई राजकोटची नोकरी सोडून तेथे रुजू झाल्या. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा दोघांनी भारतीय परिस्थितीत अवलंब केला. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकाच्या मराठी आवृत्तीचे संपादन ताराबाईंनी केले. शिक्षा, धाक व बक्षिसाचे आमिष यांना त्यांचा विरोध होता.

कल्पनाशक्ती आणि बालसाहित्य

एका महत्त्वाच्या बाबतीत या दोघांची वाट माँटेसरींहून वेगळी होती. लहान वयात मुलांना वास्तवाचा परिचय आधी व्हावा, परीकथा व अद्भुत गोष्टी नंतर याव्यात, असे माँटेसरींचे मत होते. भावनगरच्या बालमंदिरात मात्र गोष्ट, गाणे, नाट्य व चित्रकला यांना दैनंदिन कार्यक्रमात स्थान होते. गोष्ट ही उपदेशासाठी नसून आनंदासाठी आहे, अशी त्यामागील भूमिका होती. त्या काळच्या बालसाहित्यावर बोधकथांचा मोठा प्रभाव होता. त्यामुळे मुलांच्या कल्पनाशक्तीला मोकळीक देणाऱ्या लेखनाची उणीव भासत होती. ती भरून काढण्यासाठी दोघांनी मुलांकरिता छोट्या गुजराती पुस्तकांचे संपादन केले. ताराबाईंनी मराठीतही मुलांसाठी व पालकांसाठी लेखन केले. ‘नदीची गोष्ट’, ‘बालकांचा हट्ट’ व ‘बालविकास व शिस्त’ ही त्यांची काही पुस्तके होत.

बोर्डी व कोसबाड

मुंबईत परतल्यानंतर १९३६ मध्ये ताराबाईंनी दादर येथे शिशुविहार ही संस्था सुरू केली. तथापि, माँटेसरीची साधने महाग असल्याने ही पद्धती शहरी, सुस्थितीतील कुटुंबांपुरतीच राहील, असा आक्षेप घेतला जात असे. तो ताराबाईंनाही रास्त वाटत होता. १९४५ च्या अखेरीस त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. येथेच अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्या सहकारी झाल्या.

गावातील मुले शाळेत येत नसत. धाकट्या भावंडांना सांभाळणे, गुरे चारणे व घरकाम यांतच त्यांचा दिवस जाई. म्हणून शाळाच मुलांच्या वस्तीत नेण्यात आली. एका ठिकाणी नियमित भरणाऱ्या मध्यवर्ती बालवाडीबरोबर घरांच्या अंगणात, मुलांच्या सोयीने भरणारी अंगणवाडी सुरू झाली. आंघोळ, केस विंचरणे व स्वच्छता हे पहिले धडे होते. विकत आणलेल्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने व फुले वापरून रंग, आकार व संख्या यांची ओळख करून दिली जाई. त्यामुळे खर्च तर कमी झालाच, शिवाय मुलांचा परिसरच त्यांच्या शिक्षणाचे साहित्य बनला.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली व इतर आदिवासींच्या वस्तीत हलविण्यात आले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणारी कुरणशाळा आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी हे येथील विशेष उपक्रम होते. लहान भावंडांना पाळणाघरात ठेवता येऊ लागल्याने मोठ्या मुलींना शाळेत बसणे शक्य झाले.

सन्मान आणि वारसा

ताराबाई १९४६ ते १९५१ या काळात मुंबई विधिमंडळाच्या सदस्य होत्या. १९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण पुरस्काराने सन्मानित केले. ३१ ऑगस्ट, १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर कोसबाडचे कार्य अनुताई वाघ यांनी पुढे चालविले. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांमुळे अंगणवाडी हा शब्द देशभर रूढ झाला. या योजनेत पोषण व आरोग्य यांचाही समावेश असून तिची व्याप्ती कोसबाडच्या प्रयोगाहून मोठी आहे. तथापि, मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, हा विचार ताराबाईंनी त्यापूर्वी तीन दशके प्रत्यक्षात आणला होता.