सर एडवर्ड एल्गर (१८५७–१९३४)

एल्गर यांचे वडील इंग्लंडमधील वुस्टर येथे वाद्ये विकत आणि सेंट जॉर्ज कॅथोलिक चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. एडवर्डला संगीत शिकायला जर्मनीत लाइपझिगला जायचे होते, पैसे नव्हते. मग गावातील हौशी संगीत मंडळे हीच त्याची शाळा झाली. तिथेच तो व्हायोलिन वाजवी, मंडळींसाठी रचना करी. १८८४ च्या वुस्टर महोत्सवात तर थोर संगीतकार द्वोर्झाक यांच्या हाताखाली तो वाजवायला बसला. फी न भरता असा गुरू आपल्यापैकी कुणाला मिळाला आहे? वर्षभराने वडिलांचा ऑर्गनही त्याच्याकडे आला.

१९०० साली त्यांनी कार्डिनल न्यूमन यांच्या काव्याला संगीत दिले. गायकवृंदाची तयारी अपुरी राहिली आणि बर्मिंगहॅमचा पहिला प्रयोग फसला. १९०२ मध्ये वुस्टरच्या अँग्लिकन कॅथेड्रलमध्ये ते गायले गेले, पण काही कॅथोलिक शब्द गाळूनच.