पदकामागची तारीख

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलेला माणूस पेण, नागोठणे, कोलाड मागे टाकतो आणि माणगावला चहासाठी थांबतो. तिथल्या तहसील कचेरीच्या आवारात एका सैनिकाचा पुतळा आहे. प्रवाशांची नजर तिकडे क्वचितच वळते, आणि वळली तरी घाईत नाव वाचायचे राहून जाते. हा पुतळा नाईक यशवंत घाडगे यांचा. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा तरुण बावीस वर्षांचा असताना इटलीत लढता लढता पडला आणि व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिश साम्राज्यातील सर्वोच्च शौर्यपदकाचा मानकरी ठरला.

यशवंतरावांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. आजच्या रायगड जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. ते १९८१ साली बदलले. भाताचे एक पीक निघाले की वर्षाचा उरलेला काळ हातावर हात धरून बसायचे, अशी त्या काळच्या कोकणी शेतकऱ्याची स्थिती. घरटी एखादा मुलगा मुंबईच्या गिरणीत जाई, नाहीतर पलटणीत. यशवंतराव पलटणीत गेले. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते नाईक झाले, म्हणजे आठ-दहा जवानांच्या एका सेक्शनचे प्रमुख.

जून १९४४ मध्ये रोम पडले. जर्मन सैन्य उत्तरेकडे माघार घेत होते, पण प्रत्येक टेकडी लढवून मगच सोडत होते. त्यांच्या पाठलागावर असलेल्या दहाव्या भारतीय डिव्हिजनमध्ये ही मराठा बटालियन होती. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी तिच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर चढाई केली. यशवंतरावांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. काही क्षणांत बरोबरचे सगळे जवान ठार किंवा जखमी झाले. उभे राहिले ते एकटे यशवंतराव.

मागे फिरले असते तर त्यांना कोणी बोल लावला नसता. ते एकटेच मशीनगनच्या रोखाने धावले. हातबाँब फेकून त्यांनी गन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी केले. दुसऱ्याला टॉमीगनने टिपले. मॅगझिन संपले आणि नवे चढवायला उसंत नव्हती. तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी दस्त्याच्या घावांनी संपवले. ठाणे हाती आले. इतक्यात दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत घुसल्या. जिंकलेल्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला. २ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटमध्ये व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला.

इथे इतिहासाचे पुस्तक पान उलटते. माझे मन मात्र पळसगावच्या घरापाशी घोटाळते. त्या घरात परत काय आले? देह आला नाही. त्यांची समाधी कुठे आहे हेही ठाऊक नाही. इटलीत कॅसिनो येथे, ज्यांची समाधी सापडत नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक आहे. तिथल्या शिळेवर त्यांचे नाव आहे, पण पळसगावातून तिथे जाऊन फूल वाहणे त्या काळी कोणाच्या आवाक्यात होते? घरच्यांच्या वाट्याला आला तो काळपट रंगाचा, गडद लाल फितीचा कांस्याचा क्रूस.

या पदकाची घडण सांगण्यासारखी आहे. ते सोन्याचांदीचे नसते. शत्रूकडून जिंकलेल्या तोफांच्या धातूपासून लंडनचे एक जवाहिरे १८५७ सालापासून ते घडवत आले आहेत. वरच्या पट्टीच्या मागे वीराचे नाव, हुद्दा आणि पलटण कोरतात आणि क्रूसाच्या मागच्या वर्तुळात पराक्रमाची तारीख. जो वाचला त्याच्यासाठी ती तारीख अभिमानाची. यशवंतरावांच्या बाबतीत पराक्रमाचा आणि मृत्यूचा दिवस एकच. घरच्यांनी पदक उलटे केले की हाती येते ती पुण्यतिथी.

मी आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेत काढली. सोन्याचे वजन, जमिनीचे खाते, ठेवीची मुदत, प्रत्येकाला माझ्या वहीत रकाना होता. गावाकडच्या एका शाखेत असताना निवृत्तिवेतनासाठी सैनिकांच्या वृद्ध पत्नी येत. पिशवीतून एक पुडके निघे: घडीवर विरलेला डिस्चार्जचा कागद, एखादे पदक, पलटणीच्या पोशाखातला फोटो. आम्हाला हवा असे तो फक्त नंबर. तो लिहून घेतला की आम्ही पुडके परत करत असू. ती बाई मात्र एकेक वस्तू पुन्हा निगुतीने घडी घालून ठेवी. तिच्या हिशेबाचा रकाना आमच्या वहीत नव्हता.

पत्रांची गोष्ट आणखी चटका लावणारी. आघाडीवरच्या जवानांची पत्रे आधी सेन्सॉरच्या हाती जात आणि निवडक मजकुराचे इंग्रजी उतारे अहवालांत नोंदले जात. ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आजही जपलेले आहेत. मास्तरांकडून किंवा पोस्टमनकडून वाचून घेतलेली मूळ पत्रे मात्र कोकणातल्या पावसाने, कसरीने आणि वाळवीने किती घरांतून नेली असतील! सरकारने संशयापोटी जपले, ते आपल्याला मायेपोटीही जपता आले नाही.

जपले तरी धोका टळत नाही. हिमाचलमधल्या बिलासपूरकडचे नाईक किरपा राम १९४५ साली बंगळूरजवळ सरावाच्या वेळी आपल्या जवानांना वाचवताना हातबाँबने गेले. त्यांना जॉर्ज क्रॉस मिळाला. ते पदक पुढे घरातून चोरीला गेले आणि २००९ साली लंडनच्या लिलावात निघाले. त्यांच्या वृद्ध पत्नीने हक्क सांगितला, लिलाव थांबला आणि पदक अखेर भारतात परतले. व्हिक्टोरिया क्रॉसला अशा लिलावात लाखो पौंड येतात. भंगारवाल्याच्या तराजूत त्याच कांस्याचे काही रुपये होतील. या दोन किमतींमध्ये जो फरक आहे तो त्या माणसाच्या कहाणीचा. कहाणी पुसली गेली की उरतो निव्वळ धातू.

म्हणून वस्तू जपताना कहाणीही जपायला हवी. पदक चिंचेने किंवा राखेने घासून लखलखीत करू नये. काळपटपणा त्याचा स्वभाव आहे आणि घासण्याने कोरलेली अक्षरे झिजतात. पत्राला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. कोरड्या जागी, उन्हापासून दूर, सैलशा कागदी पाकिटात ते ठेवावे. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने नाव, गाव आणि साल लिहावे. पहिल्या महायुद्धातल्या पदकांच्या कडेवर सैनिकाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. ती भिंगाने वाचून वहीत उतरवावी. एवढ्या धाग्यावरून राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत हरवलेल्या पणजोबांचा मागही लागू शकतो.

यशवंतरावांची आठवण परक्या मुलखानेही ठेवली. ते ज्या टायबरच्या खोऱ्यात पडले, तिथल्या माँतोने या छोट्या गावात जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावाने एक स्मारक उभे राहिले. इटलीतल्या लढाईत जवळजवळ पन्नास हजार भारतीय उतरले होते. त्यातले ५,७८२ परतले नाहीत. तिथे दिलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांचे. स्मारकाचा आकार सूर्यघड्याळाचा आहे आणि सगळे एकाच सूर्याखाली राहतात, अशा आशयाचे लॅटिन वचन त्यावर कोरले आहे. ज्यांच्या भूमीवर हे रक्त सांडले, त्यांना एका कोकणी शेतकऱ्याच्या मुलाचे नाव जवळजवळ ऐंशी वर्षांनी उच्चारावेसे वाटले.

आज रविवार. घरातली जुनी ट्रंक माळ्यावरून खाली काढायला हरकत नाही. पदक निघेल असे नाही. पलटणीतल्या काकांचे एखादे पोस्टकार्ड, आत्याच्या लग्नातला फोटो, आजोबांच्या गिरणीतला बिल्ला निघेल. ते कोणाचे, हे सांगणारे माणूस घरात असेल तर त्याच्याशेजारी बसून पेन्सिलने लिहून घ्यावे. पदकामागे तारीख कोरायला लंडनचा जवाहिर होता. आपल्या ट्रंकेतल्या वस्तूंवर नाव लिहिणारे आपल्याशिवाय दुसरे कोणी नाही.